पिठातलं पाऊल

बोरीत मला तोंडावर पारूआत्या म्हणतात आणि पाठीमागं शकी पारू. म्हणू द्या. पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईनं शक घेऊ नये तर काय आरत्या म्हणाव्यात? डबा ठेवून जाणारीला वाटतं, पारूनं ओंजळभर पीठ काढून घेतलं. मला वाटतं, हिनं ओली ज्वारी आणलीय, आता माझ्या जात्याला चिकटंल. गावाचा माझ्यावर वहीम, माझा गावावर. एकवीस वर्षं असंच चाललंय आणि भाकरी सगळ्यांच्या चांगल्या होतात.

हा स्वभाव काही मी आईच्या पोटातून आणला न्हाई. नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला. तीन वर्षं दिवाळीला येऊन साडी देऊन गेला. मग कळलं की तिकडं दुसरा संसार हाय, दोन लेकरं हायत. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एक मी सोडून. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकबी फुंकून पितो. मी माहेरी आले, भावानं गिरणी टाकून दिली, आणि तवापासून मी पाणीसुद्धा फुंकून पिते.

भाऊ बजरंग, बोरी ते जिंतूर जीप चालवतो. त्याची बायको मंजुषा. तिच्यावर मी कधी शक घेतला न्हाई. म्हणजे घेतला, पहिलं वर्षभर, पण काही सापडलंच न्हाई. लय गुणाची बाई. मागच्या पोळ्याच्या आधी कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेली. पाठीमागं एकच लेक, निकिता, नऊ वर्षांची.

आमच्याकडं माती करून आलं की जिथं माणूस ठेवलं होतं तिथं पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात, पिठावर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून बघायचं, पिठात कशाचं पाऊल उमटलं. ज्याचं पाऊल, त्याच्या जन्माला जीव गेला. पीठ अर्थात माझ्याच गिरणीचं. सकाळी चिमणीचं पाऊल निघालं. म्हाताऱ्या बायांनी हात जोडले. मी निकीला जवळ ओढलं आणि म्हणलं, "बघ, तुझी आई चिमणी झाली. अंगणात येत जाईल, तिला दाणे टाकत जा." पोरीनं पिठाकडं बघितलंच न्हाई. माझ्या हाताकडं बघत राहिली.

त्या दिवसापासून तिनं माझ्या हातनं वेणी घालून घेतली न्हाई. आधी आईच्या हातची पसंत पडायची न्हाई, माझीच लागायची. आता फणी घेऊन शेजारच्या प्रियांकाकडं जायची. आईसाठी डोळ्यातनं टिपूस न्हाई. माझ्याशी बोलणं 'हो' आणि 'न्हाई', एवढंच. मला दुसरं लेकरू न्हाई. ही हातची गेली तर माझ्याजवळ काय राहिलं, गिरणीचा पट्टा? तीच एक धास्ती घेऊन मी सहा महिने काढले.

आणि मग माझ्या नजरंला एकेक गोष्ट यायला लागली.

पहिलं म्हणजे पीठ. गिरणीच्या कोपऱ्यात सांडलेलं पीठ मी डब्यात भरून ठेवते, गाईसाठी. ते रोज थोडं कमी व्हायला लागलं. उंदीर म्हणावं तर उंदीर झाकण लावून जात न्हाई. दुसरं, मंजुषाची हिरवी साडी पेटीतनं गायब. बजरंगला विचारलं तर म्हणे, "आक्का, तूच कुठंतरी ठेवली असशील." तिसरं, शाळा पाचला सुटते आणि पोरगी घरी येते सव्वासहाला. प्रियांकाला दमात घेतलं तवा ती चाचरत बोलली, "गोपाळकाकाच्या दुकानात जाते."

गोपाळ शूटिंगवाला! बस स्टँडसमोर त्याचं दुकान. लग्नं, बारशी, वाढदिवस, सगळ्यात हा कॅमेरा घेऊन पुढं. नवरीला दहा वेळा वर बघायला लावतो, तवर अक्षता टाकणारे ताटकळतात. सदतीस वर्षांचा झाला. हजार लोकांची लग्नं खांद्यावर घेतली, स्वतःचं एक न्हाई. अशा माणसावर शक घ्यावा का न्हाई, तुमीच सांगा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिरणीचा पट्टा उतरवला, बायांना म्हणलं, डबे राहू द्या, आणि पिठाच्या हातानं तशीच निघाले.

दुकानात पुढं कुणी नव्हतं. मागं काळा पडदा. पडद्याआडनं निकीचा आवाज आला, "काका, अजून जोरात. तिचा पदर हलायला पाहिजे."

मी पायातली चप्पल हातात घेतली आणि पडदा ओढला. आत मंजुषा उभी होती.

हिरवी साडी, डोक्यावरून पदर, पदर हळूहळू हलायलाय. माझ्या पाचावर धारण बसली. तोंडातनं "मंजे" एवढंच निघालं. मग दिसलं, साडीच्या आत लायटीचा स्टँड हाय आणि खाली टेबलफॅन चालू हाय. स्टँडच्या पुढं निकी, आणि कॅमेऱ्यामागं तो गोपाळ.

"आत्या, चप्पल खाली ठेवा," तो म्हणाला. "पिच्चर करायलोत. भुताचा."

"कुणाच्या भुताचं रे, मुडद्या? माझ्या भावजयीच्या? लेकराला येडं करायलास का?"

"माझा न्हाई तो पिच्चर. तिचा हाय. मी नुसता कॅमेरा धरायलोय." मग त्यानं फॅन बंद केला आणि सांगितलं. दिवाळीनंतर निकी एकटीच दुकानात आली होती. आईबापाच्या लग्नाची सीडी घेऊन. त्याला म्हणाली, यातनं माझी आई तेवढी बाहेर काढून द्या. "मी काय काढणार, आत्या? मी म्हणलं, ती तर निघत न्हाई. मग ही म्हणाली, तर आपण तिला परत आणायचा पिच्चर काढू. मला न्हाई म्हणता आलं न्हाई."

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. मी कोपरे बघितले, टेबलाचा खण उघडून बघितला. खणात निकीची चौरेघी वही होती. वर लिहिलेलं, 'पिच्चर'. त्यात नंबर टाकून सीन. मी वाचायला लागले तशी निकी वही ओढायला धावली. गोपाळ म्हणाला, "वाचू दे गं, त्यांच्याशिवाय तिसरा सीन होत न्हाई. गावातली एकबी बाई तुझी आत्या व्हायला तयार न्हाई. सगळ्या म्हणतात, पारूला कळलं तर दळण बंद करंल."

सीन तीन. पोरीच्या वळणदार अक्षरात. 'सगळे झोपलेत. आत्या उठते. टोपलं उचलते. पीठ कोरं आहे. आत्या बोटानं चिमणीचा पाय काढते. मुलगी गोधडीतून बघते.'

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. गावभर चोर हुडकत फिरले आणि चोर कोण, तर मी.

खरं हाय. सगळ्यांच्या आधी मीच उठले होते. टोपलं उचललं तर पीठ जसं पसरलं तसंच. मुंगीसुद्धा गेली नव्हती त्यावरून. मला लय भ्या वाटलं. म्हणलं, हे लेकरू आता उठंल आणि विचारंल, आई कुठं गेली? मी काय सांगू? म्हणून तीन बोटं टेकवली, मागं एक. टोपलं परत ठेवलं आणि पडून राहिले.

"तू जागी होतीस?" मी विचारलं.

"मीच उठून बघणार होते," निकी म्हणाली. "तू आधी उठलीस." मग तिचा आवाज चढला. सहा महिन्यांत पहिल्यांदा चढला. "तू खोटं काढलंस. आता खरं पाऊल कुठं उमटलं असतं तर मला कसं कळणार? मी रोज पीठ पसरते हितं. काहीच येत न्हाई."

माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. गायीचं पीठ हितं येत होतं तर. मी म्हणलं, "निके, काहीच उमटलं नव्हतं. आणि तुझी आई कुठं गेली ते मला ठाऊक न्हाई. देवाशपथ न्हाई."

"मग तसं सांगायचं ना," ती म्हणाली.

बरोबर होतं तिचं. मला नवऱ्याचं कुणी सांगितलं नव्हतं, तवा मी गावाला हेच म्हणाले होते.

गोपाळ खाली बघत वायरी गुंडाळायला लागला. मी त्याला म्हणलं, "गुंडाळू नको. टोपलं कुठं हाय? मी करते तो सीन. कसं केलं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक हाय?"

फरशीवर पीठ पसरलं. वर टोपलं. मी वाकले, टोपलं उचललं, तीन बोटं टेकवली, मागं एक. गोपाळ म्हणाला, "वा आत्या, एका दमात!" पण निकीनं मान हलवली.

"असं नव्हतं," ती म्हणाली. "तेव्हा तू रडत होतीस. आवाज येऊ नये म्हणून पदर तोंडात धरलास. नाक पुसलंस तर नाकाला पीठ लागलं. तसं कर."

मला वाटत होतं, ते कुणी बघितलं न्हाई. मी पदर तोंडात धरला आणि मग मला काही करावंच लागलं न्हाई. मंजे, मंजे, करत मी त्या पिठावर बसले. पाऊल कुठलं, सगळं पीठ माझ्या लुगड्याला. आणि निकी कॅमेऱ्याच्या बाजूनं आली, माझ्या मांडीत तोंड खुपसलं आणि आईच्या नावानं अशी रडली, अशी रडली, की बस स्टँडवरची माणसं दारात गोळा झाली.

पिच्चर अजून पुरा व्हायचाय. शेवटच्या सीनला मुलगी भुताची साडी उतरवून घडी घालते, एवढं ठरलंय. गोपाळवर माझा अजून थोडा शक हाय, ते सोडा.

त्या दिवशी घरी आलो. मी हात धुवायला न्हाणीकडं निघाले, तर निकी फणी घेऊन माझ्यापुढं येऊन बसली, पाठ करून.

"थांब," मी म्हणलं, "हाताला पीठ हाय."

"असू दे," ती म्हणाली.