हॅटवाले साहेब आणि खिडकीतली एतेल्का

हंगेरीतल्या मिश्कोल्त्सच्या बाजारात अजूनही बियरचे मग मिळतात, त्यावर वेन्देलचं चित्र असतं. काळी हॅट, झुपकेदार मिशी, गालातल्या गालात हसू. खरं तर वेन्देल साल्काईला मिशी कधीच नव्हती. ती डिंकाने चिकटवलेली असायची. आणि मी त्याला जितकी वर्षं ओळखत होतो, त्यात तो चारचौघांत जितका हसायचा तितकाच एकटा असताना गप्प असायचा. हे दुसरं कुठल्याच मगावर येत नाही.

आमचं गाव पोलादाचं. खाली दरीत भट्ट्या, वर उतारावर कामगारांच्या इमारती आणि मधोमध कारखान्याचं सांस्कृतिक भवन. तिथे दर बुधवारी संध्याकाळी वेन्देल नाच शिकवायचा आणि मी पियानो वाजवायचो. लष्करातल्या बँडबरोबर हिंडताना तो नाच शिकला होता. क्रेन चालवणाऱ्या बायका, कँटीनमधल्या आचारणी, हिशेबखात्यातल्या मुली, सगळ्या दिवसभराचा शीण विसरून यायच्या. हा दारातच उभा राहून प्रत्येकीला कमरेत वाकून म्हणायचा, "हात चुंबतो, बाईसाहेब." आमच्याकडे ही रीत जुनीच, पण बाकीचे पुरुष ते पुटपुटत उरकायचे. वेन्देल म्हणायचा तेव्हा त्या बाईला वाटायचं, आज हा वर्ग माझ्यासाठीच भरलाय. कुणाची आई आजारी, कुणाचा मुलगा सैन्यात, त्याला सगळं पाठ.

वर्ग संपला, बायका कोट घालून निघाल्या, की त्याचा चेहरा उतरायचा. मग तो उगीच खुर्च्या लावत बसायचा. मला म्हणायचा, देझो, तो शेवटचा वॉल्ट्झ पुन्हा वाजव. मी वाजवायचो आणि तो नाचायचा नाही, नुसता खिडकीशी उभा राहायचा. घरी जायला त्याचे पाय उचलायचेच नाहीत. त्याची बायको बोर्बाला एकदा माझ्या बायकोजवळ बोलली होती, की हा गावभर गोड बोलून येतो आणि घरी पोचेपर्यंत याच्याजवळचे शब्द संपलेले असतात. पुढे ती भांडण न करता, दोन बॅगा घेऊन, बहिणीकडे द्योरला निघून गेली. वेन्देलने तिच्या बॅगा स्टेशनपर्यंत उचलून नेल्या.

मग कम्युनिस्टांचं राज्य गेलं. पासपोर्ट मिळाले, वाटेल ते बोलायची मुभा मिळाली आणि बघता बघता भट्ट्या थंड पडल्या. कारखान्यातला पक्षाचा चिटणीस रातोरात धंदेवाला झाला आणि त्याने भवन विकत घेऊन तिथे गालिच्यांचं गोदाम केलं. पियानो कुठे गेला मला माहीत नाही. वेन्देलला त्याच हॉलमध्ये रखवालदाराची नोकरी दिली. पुढे चोरघंटा बसवली आणि तीही गेली.

तेव्हा तो शहरातल्या एका नव्या बँकेत दरवानाची जागा मागायला गेला. हे त्याने मला फार उशिरा, तुरुंगात भेटायला गेलो तेव्हा सांगितलं. "तो मॅनेजर सभ्यपणे बोलला रे," तो म्हणाला. "काका, हे तरुणांचं काम, वगैरे. पण बोलताना त्याने एकदाही मान वर केली नाही. बाहेर आलो आणि काचेत बघितलं, मी दिसतोय का नाही ते."

थोड्याच दिवसांत त्याने पहिली बँक लुटली.

आमच्या गावापासून दूरची छोटी शाखा. अंगावर नाचाच्या स्पर्धांचा काळा सूट, डोक्यावर हॅट, ओठावर ती मिशी, हातात खेळण्यातलं पिस्तूल. आत शिरून त्याने हॅट काढली आणि म्हणाला, "हात चुंबतो, बाईसाहेब. आज तुमची थोडी गैरसोय होणार आहे." रांगेतल्या एका म्हातारीला खुर्ची दिली. निघताना, आत येणाऱ्या बाईसाठी दार धरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पेपरात ते आलं आणि अख्खा देश हसला.

त्या दिवसांत आम्हाला हसायला कारण हवंच होतं. ज्यांनी अख्खे कारखाने एका सहीने गिळले, त्यांना कुणी चोर म्हटलं नाही, उलट ते टीव्हीवर बसून आम्हाला कष्टाचं महत्त्व सांगायचे. आणि हा एक माणूस, समोरून येतो, हॅट काढतो, नमस्कार करतो आणि चोरी करतो. पोलिसांना सापडत नाही. लोकांनी त्याला नाव ठेवलं 'हॅटवाले साहेब'. त्याच्यावर गाणं झालं. पोरीबाळी ते गुणगुणत बाजारात जायच्या.

आमच्या बेनीच्या गुत्त्यात तर ते रोज व्हायचं. वेन्देल कोपऱ्यात सोडा घातलेली वाइन घेऊन बसलेला आणि सगळे टेबल बडवत त्याचंच गाणं म्हणताहेत. एकदा बेनी त्याला म्हणाला, "तुझ्याच्याने झालं असतं का रे हे, मास्तर? तू तर पिस्तुलाचीच माफी मागितली असतीस." सगळे खो खो हसले. वेन्देलही हसला. गाणं संपल्यावर त्याने पैसे ठेवले आणि निघून गेला. त्याची सगळ्यात मोठी मैफल भरलेली होती आणि त्याला उठून दाद घेता येत नव्हती.

लुटीचं तो करायचा काय? काही नाही. गाडीने बुडापेस्टला जायचा, चांगल्या हॉटेलात एकट्याने जेवायचा, वेटरला भरपूर बक्षिशी द्यायचा आणि त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचा. शेवटच्या गाडीने परत.

आता एतेल्काचं सांगतो. एतेल्का बोद्नार आमच्या बुधवारच्या वर्गात दोन हिवाळे येत होती. उंच, बुजरी, ओठ हलवत पावलं मोजायची, तरी जोडीदाराच्या पायावर पाय द्यायचीच. पुढे तिला शेजारच्या गावातल्या बँकेत रोखपालाची नोकरी लागली. ती त्या खिडकीत बसते हे वेन्देलला ठाऊक नव्हतं. तो आत गेला, हॅट काढली, नमस्कार केला, आणि खिडकीत ती. तिने नोटा पुढे सरकवल्या. तो क्षणभर थबकला, मग नोटा उचलून निघून गेला. पोलिसांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी त्याला ओळखलं नाही.

पेपरवाल्यांनी तिथल्या कुणा गिऱ्हाइकाचं ऐकून छापलं की खिडकीतली बाई हसत होती. झालं. गाण्यात नवं कडवं आलं, त्यात ती हॅटवाल्या साहेबांना डोळा मारते. पुढे वेन्देलने पुन्हा कुठलीही बँक लुटली नाही.

ती पोलिसांना बोलली नाही, ही गोष्ट त्याच्या मनात घर करून बसली. आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला कुणीतरी सांभाळून घेतलंय असं त्याला वाटायला लागलं. महिने गेले. मार्चमधला महिला दिन आला. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक पुरुष हातात फुलं घेऊन हिंडतो, ऑफिसात, दुकानात, शाळेत. वेन्देलने जांभळी हायसिंथ घेतली, हॅट नाही, मिशी नाही, स्वतःचा साधा कोट, आणि भर दुपारी त्या बँकेत जाऊन रांगेत उभा राहिला. पुढची दोन माणसं सरली. तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "हात चुंबतो, एतेल्काबाई."

एतेल्काने टेबलाखालचं बटण दाबलं.

तो पळाला नाही. पोलीस येईपर्यंत फुलं हातात धरून उभा होता.

खटल्याच्या दिवशी कोर्टाबाहेर माणसांचा पूर लोटला, निम्म्यांच्या डोक्यावर काळ्या हॅट. हॅटवाले साहेब म्हणजे आपला नाचाचा मास्तर हे कळल्यावर आमच्या गावाला तर आकाश ठेंगणं झालं. आणि गाण्यात तिसरं कडवं आलं. त्यात तो प्रेमापोटी फुलं घेऊन जातो आणि ती त्याला दगा देते.

तुरुंगात त्याला पोत्याने पत्रं यायची. भेटायला मात्र मीच जायचो. बोर्बालाचं एक साधं कार्ड आलं होतं, त्यात लिहिलं होतं की तब्येत सांभाळ.

तो सुटला तेव्हा केस पिकलेले, पाठ मात्र ताठ. स्टेशनवर लोकांनी खांद्यावर घेतलं. दोन आठवडे घराघरांतून जेवणाची आमंत्रणं. प्रत्येक ठिकाणी तेच, मास्तर, ते म्हातारीला खुर्ची दिली ते सांगा ना. तो सांगायचा. त्याच्या आवडीची भाजी कोणती, हे कुणी विचारलं नाही. फोटो निघायचे, आणि आमंत्रणं संपली तेव्हा तो घरी एकटा.

एक दिवस मला म्हणाला, "देझो, मला एतेल्काकडे जायचंय. एकट्याने जायची हिंमत नाही."

आम्ही गेलो. ती तिसऱ्या मजल्यावर राहायची. बँकेची नोकरी केव्हाच गेली होती, गिऱ्हाइकं तुमच्या खिडकीकडे येत नाहीत, असं बँकवाले म्हणाले. लोकांचे पडदे शिवून पोट भरत होती. दार उघडून तिने आम्हाला बघितलं, मग आत घेतलं. शिवणाचे कपडे उचलून खुर्च्या मोकळ्या केल्या. चहा ठेवला नाही.

वेन्देल म्हणाला, मी आभार मानायला आलोय. पहिल्या वेळी तुम्ही माझं नाव सांगितलं नाहीत.

"मास्तर, मी गप्प का राहिले असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्ही मला ओळखलं होतंत म्हणून."

"ओळखलंच होतं. तुमची चाल मी दोन वर्षं बघितलीय. म्हणून तर जास्त घाबरले. परका चोर असता तर वाटलं असतं, पैसे घेईल आणि जाईल. पण तुमच्यासारखा माणूस पिस्तूल घेऊन आला म्हणजे आता जगात कशाचाच भरवसा नाही. आणि मी ओळखलंय हे तुम्हाला कळलं तर तुम्ही मला जिवंत ठेवणार नाही, एवढंच डोक्यात होतं. पुढे किती महिने तेच होतं."

"पिस्तूल खेळण्यातलं होतं, एतेल्काबाई."

"ते तुम्हाला माहीत होतं."

 ती शांतपणे बोलत होती, जणू हे सगळं तिने स्वतःशी खूपदा बोलून घेतलं होतं. "बसल्या जागी माझे कपडे ओले झाले होते. तशीच पोलिसांपुढे बसले. आणि गाण्यात मी डोळा मारते. नंतर तुम्ही फुलं घेऊन आलात. मला वाटलं, हा आता मला संपवायला आलाय, फुलांच्या आत काहीतरी आहे."

त्याने विचारलं, मी काय करू शकतो. ती म्हणाली, "माझ्यासाठी काही नको. त्या गाण्यातली बाई मी नाही, एवढं लोकांना सांगा. तुमचं ऐकतात ते."



त्या शरदात नगराध्यक्षाने मैदानावर गुलाशचा मेळा भरवला. ठिकठिकाणी कढया रटरटत होत्या, कांदा-पाप्रिकाचा धूर डोळ्यांत जात होता आणि वेन्देल मुख्य पाहुणा. बँडवाल्यांनी गाणं म्हटलं, तिन्ही कडव्यांसकट. मग माईक त्याच्या हातात दिला. त्याने तोच सूट घातला होता, आता खांद्यावर ढगळ होता. तो म्हणाला की या गाण्यातली बाई खरी नाही. खरी बाई मरणाच्या भीतीने थरथरत होती. ती हसली नाही, तिने डोळा मारला नाही आणि तिने कुणाला दगा दिला नाही. तिने पोलिसांना बोलावलं ते बरोबर केलं. तिच्या जागी माझी बहीण असती तर मी तिला हेच सांगितलं असतं.

मैदान गप्प झालं. मला वाटलं, पोचलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "बघा, अजून तिला पाठीशी घालतोय! याला म्हणतात सभ्य माणूस!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बायका डोळे पुसायला लागल्या. वेन्देल माईकमध्ये म्हणत होता, नाही, ऐका, तसं नाही. बँडने पुन्हा गाणं सुरू केलं आणि त्याचा आवाज त्यात बुडाला. मी जाऊन त्याचा दंड धरला आणि त्याला पायऱ्यांवरून खाली आणलं. लोक वाटेत त्याची पाठ थोपटत होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच एतेल्काकडे गेलो आणि झालं ते सांगितलं. ती पडद्याला चुण्या घालत होती. "त्यांनी खरंच सांगितलं? भीतीचंसुद्धा?" मी हो म्हणालो. "आणि लोक?" मी म्हणालो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने दातांनी दोरा तोडला. "निदान ते तरी म्हणाले," ती म्हणाली आणि मला सूप घेता का विचारलं. मी घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात ती शोप्रोनला भाचीकडे राहायला गेली, ते गाणं तिकडे कमी म्हणतात म्हणे.

वेन्देलने त्यानंतर एकही आमंत्रण घेतलं नाही. आधी लोक रागावले, म्हणाले, मोठा झाला, माजला. मग विसरले. मगावरचं चित्र तेवढं विकलं जात राहिलं, ते त्याच्याविना नीट चालतं.

मी रविवारी दुपारी त्याच्याकडे जायचो. माझी बायको तोवर वारली होती, मीही एकटाच होतो. तो लेचो, आमच्याकडची टोमॅटो-ढोबळीची भाजी, करायचा, मिरची जरा जास्तच घालायचा. जेवून आम्ही पत्ते काढायचो. आम्हाला दोघांनाही उल्ती आवडायची आणि उल्तीला तीन गडी लागतात. सुरुवातीला आम्ही तिसरा शोधला. शेजारचा एक निवृत्त फिटर आला, पण डाव मांडायच्या आधी त्याने हॅट कुठे ठेवलीय ते विचारलं, डोक्यावर घालून फोटो काढून घेतला आणि गेला. नंतर आम्ही कुणाला बोलावलं नाही. वेन्देल तरी तीन जागी पत्ते वाटायचा. तिसरे पालथे ठेवायचा आणि आम्ही पोरांचा कुठलातरी दोघांचा डाव खेळायचो, अंधार पडेपर्यंत. मी उठलो की तो दारापर्यंत यायचा, जिन्यावरचा दिवा लावायचा आणि मी खाली पोचेपर्यंत कठड्याशी उभा राहायचा.

तो गेला तेव्हा दफनाला खूप माणसं आली, काळ्या हॅट घालून. बँड होता. मी पहिल्या कडव्यालाच निघालो. त्याच्या घराची किल्ली माझ्याकडे होती, झाडांना पाणी घालायचं होतं.