चौकटीला तळटीप नसते

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी विषय घेतला होता भूमकडच्या ओसाड गावांचा. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी जुन्या दफ्तरात या गावांपुढं ‘बेचिराग’ असा शेरा होता. म्हणजे जिथं आता दिवा लागत नाही असं गाव. त्यातलंच एक आमचं, म्हणजे आबांचं, माझ्या वडिलांचं. मी जन्मलो भूमलाच.

प्रबंध म्हणजे काय हे आबांना कळत नव्हतं, पण त्यात आपलं गाव येणार एवढं कळलं होतं. बाजारात कुणाशी वाजलं की आम्हाला ऐकवलं जायचं, “जा रं, दुष्काळात गाव टाकून पळालेले तुमी!” आबांना ते लई लागायचं. ते म्हणत, “वेठीला न्हाय गेलो म्हणून जहागीरदाराच्या माणसांनी पान्याची बारव दगडं टाकून बुजवली. आमी पळालो न्हाय, आमाला हुसकलं. एवढंच छापून आण.”

उस्मानाबादच्या ग्रंथालयात उर्दू पुस्तकं मागच्या खोलीत गेली होती. किल्ली सापडायलाच दुपार झाली. “आता हे कोण वाचतंय?” ग्रंथपाल म्हणाले. मी वाचत होतो. निजामी शाळेत छड्या खाऊन शिकलेलं उर्दू असं कामी आलं. एक जुनं इंग्रजी पुस्तक, एक उर्दू आणि एक नवंकोरं मराठी, अशा तिन्हींत आमच्या गावावर एकच ओळ होती. नदीच्या पश्चिम काठावरचं हे गाव रयतेनं दुष्काळात आपणहून सोडलं.

राग यायला हवा होता. आला नाही. ओळ उतरवून घेतली आणि चहा प्यायला गेलो.

परतताना एसटीत डोक्यात आलं, अरे, गाव पश्चिम काठावर कुठं आहे? आमचं भूम पश्चिमेला, गाव पूर्वेला. आबांबरोबर तिथल्या देवाला नारळ फोडायला जाताना दरवेळी नदी ओलांडावी लागायची, चपला हातात घेऊन. तिघांचीही दिशा चुकते आणि सारखीच चुकते, म्हणजे तिघांपैकी कुणी तिथं गेलेलंच नाही. एकानं लिहिलं, दोघांनी त्याची री ओढली. बाबांनो, निदान नदी तरी बघायची!

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं तर सर खूश झाले. “शाब्बास! संदर्भ तपासणं म्हणतात ते हेच. तीन पुस्तकं नव्हेत, एकच पुस्तक तीनदा छापलंय. ते दुष्काळाचं कारण काढून टाका.”

“मग खरं कारण लिहू, सर?”

“आधार काय?”

“वडील सांगतात.”

“वडील म्हणजे ग्रंथ नव्हे.”

मग मी आबांचा पुरावा काढला. आमच्या घराची सागवानी चौकट त्या गावातली होती. आमच्याकडं गाव सोडताना घराची चौकट उपसून नेतात, नव्या घराला तीच लावतात. आजोबांनी ती बैलगाडीत घालून आणली. आबा तेव्हा पोर होते, चौकटीवर बसून आले. ते म्हणत, “भुकंनं पळणारा चौकट घेऊन जातो व्हय? त्यो आधी बैल इकून खाईल.”

सरांनी सगळं ऐकून घेतलं. “मला पटतंय हो,” ते म्हणाले, “पण चौकटीला तळटीप कशी देणार? ‘कारण अज्ञात’ लिहा. त्यात कमीपणा नाही.”

मलाही पटलं. तसं लिहिलं. लिहिताना काहीच वाटलं नाही. बधिर झालेल्या हाताला चिमटा काढावा, तसं झालं होतं.

प्रबंध बांधून घरी आणला, तेव्हा आबा उंबऱ्यावर बसले होते, त्याच चौकटीला पाठ टेकून. म्हणाले, “आपलं गाव काढ. वाच.”

मी वाचलं. दुष्काळाचं कारण खोटं कसं, ते वाचलं. आबा मान डोलवत होते. मग शेवटची ओळ आली. गाव ओसाड होण्याचे कारण अज्ञात.

“अज्ञात म्हंजे?”

“म्हणजे... ते आता कुणालाच माहीत नाही.”

आबांनी एकदा वर चौकटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“आरं, मी हाय की अजून,” ते म्हणाले.