अर्धी पाकळी

सुकापूरच्या रस्त्याला एक फुलवाली बसते. टोपली उतरवली की ती आधी जमिनीवर पाणी शिंपडते, रांगोळी काढते आणि मगच हार ओवायला घेते. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही.

पत्नी गेल्यावर तीन महिन्यांनी मी प्रथमच त्या बाजूला फिरायला गेलो आणि तिच्या रांगोळीपाशी थबकलो. आठ पाकळ्यांचं कमळ, पण आठवी पाकळी अर्धी. कमळ आमच्या दारातलं होतं. आमच्या पायरीला लागून गटाराचं झाकण आहे, म्हणून पत्नीची ती पाकळी नेहमी अर्धीच राहायची. इथे तर मोकळी जमीन होती.

"ही कुठे शिकलात?" मी जरा रागानेच विचारलं.

"चोरली!" ती हसली. "नवीन पनवेलला पुड्या टाकायला जाते ना, तिथं एका बाईंच्या दारात बघायची. हल्ली त्या दारात काय नाय दिसत."

"ती माझी बायको. ती गेली."

चिमटीतली रांगोळी तिने परत डबीत सोडली. मी म्हटलं, "इथे जागा आहे. पाकळी पुरी का करत नाही?"

"पुरी केली तर माझी होईल ना, काका. मग ती खरी चोरी."

नऊपर्यंत गिऱ्हाइकांच्या पायांनी कमळ पुसून जातं, म्हणून मी सातलाच जातो. घरी आता पूजा होत नाही. तरी फुलांची पुडी घेतो आणि अर्धी पाकळी काढून होईपर्यंत तिथे उभा राहतो.