रॉकेलच्या वासाची चिलापी

३ फेब्रुवारी. चिलापी साफ करायला घेतली आणि सुरी खाली ठेवली. माशाला रॉकेलचा वास येत होता.

शेजारचे काका मांजरी गावाजवळ नदीत जाळं टाकतात. दर आठवड्याला आम्हाला मासे देतात आणि मग "कशी लागली?" विचारतात. या वेळी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, "काका, वास येतोय. तुम्हीही खाऊ नका."

ते जेवत होते. ताटातला तुकडा उचलून त्यांनी काटा चोखून साफ केला.

"ताई, तुमचं नाक पेठेत वाढलेलं हाय."

"आणि तुमचं?"

"मलाबी येतो वास. पण जाळं घेऊन जाऊ कुठं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आणखी दोन दिल्या. मी घेतल्या. कढीपत्त्याच्या मुळाशी पुरणार होते, पण त्याची पानं आम्ही खातो. कचऱ्यात टाकल्या.