ट्रंकेच्या झाकणातली सून

एकाहत्तरच्या लढाईत माझा थोरला भाऊ गेला. काही महिन्यांनी त्याची काळी लोखंडी ट्रंक आष्ट्याजवळच्या आमच्या गावात आली. दोन जवानांनी ती ओसरीत ठेवली, चहाला हात लावला नाही आणि एस.टी. चुकेल म्हणून निघून गेले. आत कपडे, दाढीचं सामान, एक लोकरी मफलर. झाकणाच्या आतल्या बाजूला खळीनं चिकटवलेला एका बाईचा रंगीत फोटो.

मी तिला लगेच ओळखलं. तिला न ओळखणारं माणूस त्या काळी शोधून सापडलं नसतं, पण आमच्या घरातच एक होतं. आईनं उभ्या जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. मासिकातली ती साबणाची जाहिरात. दादानं ब्लेडनं अक्षरं काढून टाकली होती, साबणही काढला होता, त्यामुळं बाईचा हात मनगटाशी संपत होता.

आईनं त्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. "पोरगी गोरीपान हाय," ती म्हणाली. "आन आमाला बोलला न्हाई."

मी तोंड उघडणार तेवढ्यात वडिलांनी मला डोळ्यांनीच दटावलं. दादा गेल्यापासून आई पहिल्यांदाच न रडता त्याच्याविषयी बोलली होती. तिची समजूत मोडायची कुणी?

पण तिचं तेवढ्यावर भागेना. आमच्याकडं मयताची बातमी कळली की लांबचं माणूससुद्धा डोक्यावरून आंघोळ करतं, रडतं आणि मोकळं होतं. त्या पोरीला बातमीच गेली नव्हती. "वाट बघत बसली आसंल," आई चुलीपुढं म्हणायची. "येईल त्या स्थळाला नको म्हनत आसंल. तिचा जल्म का जाळायचा आपुन?"

आमच्या गावात घरटी एक फौजी. रजा संपली की पोरं आमच्या घरावरून निरोप घेऊन जायची. आई त्यांच्या हातात शेंगांचे लाडू द्यायची आणि ट्रंकेपाशी न्यायची. "हिला हुडीक बाबा. म्हनावं, त्यो गेला. डोक्यावरनं पानी घे आन दुसरीकडं लगीन कर."

पोरं खाली बघून "व्हय काकी" म्हणायची. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या ट्रंकेत हीच बाई असणार. पुढच्या रजेला आली की "पत्ता लागंना, काकी," एवढंच. मला त्यांचा राग यायचा, वडिलांचा यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या बाईचा. तिचा काय दोष? काही नाही. तरी यायचा.

दोन वर्षांत आईची झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं. तिला सांगलीला डॉक्टरांकडं नेलं. बाहेरच्या खोलीत बाकावर जुनी मासिकं पडली होती. वडील बाहेर बिडी ओढत होते. मी शेजारच्या बाईशी बोलत होते, तेवढ्यात आईनं माझा दंड धरला.

तिच्या मांडीवर मासिक पालथं पडलं होतं. पाठच्या पानावर तीच बाई, तेच हसू. इथं हात पुरा होता आणि हातात साबण होता.

"वाच," आई म्हणाली.

"माझ्या कांतीसाठी मी हाच साबण वापरते," मी वाचलं. खाली नटीचं नाव होतं, तेही वाचलं.

"सिनेमातली हाय?"

"व्हय."

"ह्यो फोटू आनि कुनाकडं आसंल?"

"मासिक घेईल त्याच्याकडं, आई."

ती त्या पानाकडं बघत राहिली. मला वाटलं, आता ती रडेल, नाहीतर मला तरी बोलेल. दोन्हीतलं काही झालं असतं तर बरं झालं असतं.

"ती पोरं मान हलवून जायची," ती म्हणाली. "त्यास्नी ठावं हुतं?"

मी तिच्या मांडीवरचं मासिक उचलून बाकावर ठेवलं.

"म्हंजी त्याची वाट बघनारी मी एकलीच हुते."

आतून आमचा नंबर पुकारला. तिला दोन्ही हातांनी धरून उठवावं लागलं.