पाकोळीचं गाव

मार्च १९९७, सोमवार. तुर्भे, कांदा-बटाटा बाजाराजवळचं एक खासगी गोदाम. हजर: आमच्या प्रयोगशाळेचे साहेब, गोदामाचे मालक, माझे धाकटे दीर आणि मी. गैरहजर: ज्यांच्या शेतातून तो बटाटा आला, त्यांच्यापैकी कोणीही.

गोदामात बटाट्यावरची पाकोळी निघाली होती. दिसायला करडा, नखाएवढा पतंग. पण त्याची अळी बटाट्यात शिरून आतून पोखरते आणि एका गोणीतून शेजारच्या गोणीत पसरते. निम्मं गोदाम नासलं होतं. माल दोन ठिकाणचा. एक साताऱ्याकडचा, माझ्या दिरांच्या गाळ्यावरून आलेला. दुसरा आग्र्याचा, तो मालकांचा स्वतःचा. कीड कुणाच्या मालातून आली, एवढंच ठरवायचं होतं. दिरांच्या मालातून आली असं ठरलं, तर पुढच्या हंगामापासून त्यांना तिथे जागा नव्हती. आणि एका गोदामाने दार लावलं की बाजारातली बाकीचीही लावतात.

"मॅडम, टेन्शन घ्यायचं नाय," मालक म्हणाले. "फक्त सांगा, किडा कुठला."

"वहिनी," दीर हसत म्हणाले, "पाखरू काय रेशनकार्ड घिऊन फिरतंय व्हय?"

"पंखावर असतं," साहेब म्हणाले.

खरंच असतं. पंख काढून काचपट्टीवर ठेवायचा, बारीक ब्रशने वरची भुकटी झाडायची, की शिरा दिसू लागतात. दोन शिरा जिथे मिळतात तिथे टिंब द्यायचं. प्रत्येक पंखावर त्याच जागी. मग संगणक लहानमोठेपणा बाजूला काढतो, कारण भरपूर खाल्लेल्या अळीची पाकोळी मोठी होते, त्यावरून गाव कळत नाही. उरतो तो नुसता आकार. एका भागात पिढ्यान्पिढ्या वाढलेल्या पाकोळ्यांची टिंबं एकाच अंगाला किंचित सरकलेली असतात. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, पंख एकावर एक ठेवले की दिसतं. टिंबं मी द्यायची, निकाल साहेबांनी.

पण अनोळखी पंख ताडून बघायला ओळखीचे पंख हवेत. मी म्हटलं, शेतातून धरून आणते, साताऱ्याकडे खटावला माझं सासरच आहे.

"अहो, अख्खा देश तुर्भ्यात येतो, तुम्ही कशाला एस.टी.त बसता?" साहेब म्हणाले आणि त्यांनी बाजारातूनच गोण्या मागवल्या. गोणीवर मार्का साताऱ्याचा, तर तिच्यातल्या अळ्यांपासून निघालेल्या पाकोळ्या साताऱ्याच्या. आग्र्याचंही तसंच.

घोळ झाला तो इथे. बाजारात गोणी फाटली की माल दुसऱ्या गोणीत भरतात, आणि दुसरी म्हणजे जी हाताशी रिकामी पडलेली असेल ती. साताऱ्याचं रिकामं बारदान आग्र्याच्या मालाला, आग्र्याचं आणखी कुणाला. यात लबाडी काही नाही. गिऱ्हाईक बटाटा हातात घेऊन, दाबून, कापून बघतं. मार्का कोणी वाचत नाही. आमच्या साहेबांनी वाचला.

निकाल लागला. गोदामातल्या पाकोळ्या 'साताऱ्याच्या' पाकोळ्यांशी जुळल्या. मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, ह्या पाकोळ्या साताऱ्याच्या कशावरून? गोणी साताऱ्याची आहे. आतला बटाटा कुठलाही असेल."

त्यांनी चष्मा काढला. "ते तुमचे दीर ना?"

"हो."

"मग हे तुम्ही बोललाच नाहीत असं समजतो. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

म्हणजे मुद्दा चुकीचा नव्हता, तोंड चुकीचं होतं. मी लेखी दिलं. कागद परत आला तेव्हा घडी मी घातली होती तशीच होती.

त्याच आठवड्यात बोनकोड्याला दिरांच्या घरी गेले. धाकट्या जाऊबाईंनी पाणी दिलं. चहाचं विचारलं नाही.

"आपल्याच घरातनं निघालं म्हणायचं," दीर म्हणाले.

"भाऊजी, निकाल साहेबांचा आहे. मी फक्त टिंबं दिली."

"टिंबं कुणी दिली? तुमी. झालं तर मग. गोण्या बदलत्यात हे तुमाला म्हाईत हाय. सायबाला सांगितलं न्हाई?"

"सांगितलं."

"आन् त्यानं ऐकलं न्हाई. बरं."

तो 'बरं' कसला होता ते मला कळलं. साहेबांच्या लेखी मी दिरांची बाजू घेतली होती, दिरांच्या लेखी साहेबांची. बाजूच घ्यायची असती तर टिंबं सरकवणं अवघड नव्हतं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पावसाळ्याआधी गाळा गेला. दीर खटावला परतले. आता ते स्वतः बटाटा लावतात आणि तो विकायला दुसऱ्याच्या गाळ्यावर पाठवतात. जाऊबाई हळदीकुंकवाला यायच्या, ते बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गोदामात साताऱ्याचा एकही बटाटा नव्हता. पाकोळी होती.

"मागचीच पैदास असेल," साहेब म्हणाले.

असेलही. दिरांवरच्या रागालोभावरून मी काही ठरवणार नाही, पंखांवरूनच ठरवीन. त्यासाठी गोणीचं तोंड कधी न पाहिलेली, उभ्या पिकाच्या पाल्यातून धरलेली पाकोळी हवी. काचपट्ट्यांची पेटी तयार आहे. जाळी, बाटल्या आणि ब्रश पिशवीत भरून ठेवलेत. खटावात बटाट्याची शेतं पुष्कळ आहेत, पण गावच्या बटाट्याला डाग कुणी लावला हे तिथे सगळ्यांना सांगून झालंय. पाय ठेवायला जागा झालीच तर एकाच बांधावर होईल, आणि त्या बांधाच्या मालकाला आधी विचारावं लागेल.

यंदाचं पीकही काढणीला आलं. विचारायचं राहिलं आहे.