धाकटीच्या दाराचा आवाज

कुलूपवाल्याला अख्खी वस्ती आवाजकाका म्हणायची आणि त्याला या नावाचा भलताच अभिमान होता. दिवसभर किल्ल्या घासायच्या, अडलेली कुलपं उघडायची आणि संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत, वस्तीच्या कम्युनिटी रेडिओवर, श्रुतिकांना आवाज पुरवायचे. पाऊस हवा? ताटात वाटाणे फिरवा. कुणी जिना चढतंय? काका हातात चपला घालून टेबलावर पावलं वाजवायचा.

त्याचा एकच नियम होता. सांगून केलेला आवाज खोटा येतो. एखाद्याला म्हणा, "शिंक बघू," शिंकेल का तो? मेला तरी नाही! म्हणून काका खिशात रेकॉर्डर घालून हिंडायचा आणि लोकांना पत्ता लागू न देता त्यांच्या घरातले आवाज उचलून आणायचा. परवानगी वगैरे? छे! "आवाज काय, हवेतच असतो," असं त्याचं म्हणणं. या म्हणण्यानं त्याला कसं तोंडघशी पाडलं, तेच सांगते.

नवी श्रुतिका होती नवऱ्याला भिणाऱ्या एका बाईची. ती लिहिली आणि बसवली होती बाईंनी. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. त्यांनी नुसतं "हं" म्हटलं तरी मोठी माणसंही ताठ बसायची. नवऱ्याचं काम केशकर्तनालयवाल्याकडे होतं. तो बिचारा गरीब गाय, माइकवर ओरडून झालं की समोरच्या नटीची माफी मागायचा. त्यामुळे सगळी भिस्त दारावर.

"नवरा घरी येतो, त्या दाराचा आवाज मला हवाय," बाई म्हणाल्या. "ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा आला पाहिजे."

काकानं किती दारांना कान लावले म्हणता! एकही पसंत पडेना. मग आठवलं धाकटीचं दार, त्याच्या सख्ख्या बहिणीचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिथलं कुलूप त्यानंच बसवलेलं. किल्ली दोनदा अडखळायची आणि मग खट्कन फिरायची. "दुरुस्त करून देतो," असं तो कित्येक वर्षं नुसतंच म्हणत होता.

तो गेला, चहा प्यायला, भाचीची टिंगल केली. हळूच फ्रीजवर रेकॉर्डर चालू करून ठेवला. "येतो गं," म्हणत निघताना खिळ्यावरची जादाची किल्ली उचलली, बाहेर दार ओढून घेतलं आणि जिन्यात दबा धरून बसला. माय-लेकी आपापल्या कामाला लागल्या असतील एवढा वेळ जाऊ दिला. मग पायऱ्या चढला, किल्ली फिरवली आणि आत शिरला.

"अगं, पिशवी विसरलो!"

धाकटी मोरीपाशी ओल्या हातांनी उभी होती. "केवढ्यानं घाबरवलंस, दादा!" असं म्हणून ती हसली. भाची पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"एवढ्यात झोपली पण?" काकाही हसला. रेकॉर्डर उचलला, तसाच नेऊन बाईंच्या हाती दिला. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, ऐकत कोण बसतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एका गिऱ्हाइकाची किल्ली घासत होता. रेडिओ चालूच होता. श्रुतिकेची जाहिरात लागली. बाईंनी म्हटलं, "आज संध्याकाळी, सहा वाजता," आणि मागोमाग ते दार.

आधी तर काका खूश झाला. काय स्वच्छ आलंय! नळ वाहतोय, धाकटी गुणगुणतेय, भाची मोठ्यानं धडा वाचतेय. जिन्यावर पावलं. किल्ली अडखळली. नळ बंद. किल्ली पुन्हा अडखळली. गुणगुणणं थांबलं, धडा शब्दाच्या मधेच तुटला. मग अगदी बारीक आवाजात भाची म्हणाली, "आई, मी झोपल्यासारखं करू?"

"कर. पटकन."

खट्.

"अहो काका, काय अभिनय आहे!" गिऱ्हाईक म्हणालं. "कुठली हो ही पोरगी?"

काकाच्या हातातली किल्ली चाकावरून निसटून लांब उडाली. कुलपाच्या पोटातली स्प्रिंग कुठं झिजलीय ते नुसत्या कानानं ओळखणारा माणूस! दर रविवारी त्या घरात जेवला, ढेकर दिली, दाजींच्या गोड बोलण्याचं चारचौघांत कौतुक केलं आणि त्याला हे ऐकू आलं नव्हतं. लाज वाटली त्याला, सपशेल लाज वाटली. आणि लगेच तोंडचं पाणी पळालं, कारण दाजींच्या रंगाच्या दुकानात दिवसभर हाच रेडिओ वाजायचा.

त्यानं बाईंना फोन लावला. "ते काढा आधी! आत्ताच्या आत्ता!"

"वेडा आहेस का? फोनवर फोन येतायत. मला सांग, या माय-लेकी तू आणल्यास कुठून?"

"बहीण आहे माझी, बाई. तिला ठाऊकसुद्धा नाही."

बाई म्हणाल्या, "मी बंद करते. तू तिच्याकडे पळ."

वाटेत दाजींचं दुकान लागलं. भरदुपारी शटर खाली. काका तसाच धावला. तिन्ही मजले चढेपर्यंत छाती फुटायची वेळ आली.

दार धाकटीनंच उघडलं. धडधाकट होती. काकाचा जीव भांड्यात पडला, पण तिचा चेहरा पाहून तो भांड्यात राहीना.

"दादा, काय करून बसलास हे?"

"कधीपासून चाललंय?"

"तू जा आधी. तू दिसलास तर आणखी..."

"पिशवी भर. दोघी चला."

"चार दिवस ठेवशील. मग?"

"मग पाचवा दिवस ठेवीन! भर म्हणतो ना!"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. किल्ली कुलपात अडखळली. भाची उठली, पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. कुणाला काही सांगावं लागलं नाही. आणि काका? एवढा थोराड माणूस, पाठचा नव्हे, मोठा भाऊ, तोही श्वास रोखून उभा राहिला. त्याचं त्यालाच नंतर कळलं.

दाजी आले ते हसतच. दार उघडंच ठेवलं, किल्ल्या सावकाश टेबलावर ठेवल्या.

"या, दादा! आमचं दार गाजलं की. चार लोकांनी दुकानात येऊन सांगितलं." मग बायकोकडे पाहिलं. "रेडिओवर कुणी नेऊन दिलं?"

"मी," काका म्हणाला. "तिला काहीच माहीत नव्हतं."

"मग ठीक. तुम्ही निघा आता. आम्हाला नवरा-बायकोला जरा बोलायचंय."

"माझ्यासमोर बोला, दाजी."

दाजी अजून हसत होते. त्यांनी दाराकडे हात केला. दारात शेजारीण उभी होती, दवाखान्यात नर्स असलेली, अंगावर अजून ड्यूटीचे कपडे.

"मीही बसते जरा," असं म्हणून ती आत येऊन खुर्चीवर बसली.

"वहिनी, घरातलं आहे हे."

"घरातलं कसलं आलंय, भाऊजी! तुमची किल्ली अडखळली की वरपासून खालपर्यंत आम्ही टीव्ही बारीक करतो. माझी सासूसुद्धा. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत बसलो, शरम वाटते सांगायला. सगळ्या जिन्याला ठाऊक आहे." तिनं काकाकडे पाहिलं. "तुम्हालाच तेवढं नव्हतं."

काकाला कुणी मुस्काटात मारल्यासारखं झालं. खरंच होतं ते. जिन्यात आणखी दोघं-तिघं येऊन थांबली होती. कायम दाजींच्या तोंडावर असलेलं ते हसू पहिल्यांदा गेलं. चारचौघांत नाव राखून असलेला माणूस, चारचौघांसमोर हात उचलेल कसा?

"जा," ते म्हणाले. "चार दिवसांनी आपल्या पायांनी परत येशील."

धाकटीनं पिशवी भरायला घेतली. चेन शेजारणीनं लावून दिली. भाचीचं दप्तर काकानं घेतलं. लोकांनी जिन्यात अंग चोरून वाट दिली. एका म्हाताऱ्यानं नुसता धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला.

रस्त्याला लागल्यावरही काका सारखा मागे वळून बघत होता. दाजी मागे येतात की काय, या धास्तीनं त्याची मान आखडली. भाची त्याचं बोट धरून मुकाट चालत होती. बरंच अंतर गेल्यावर तिनं विचारलं,

"मामा, तुमच्या दाराचा आवाज कसा येतो?"

दुनियेची दारं पाठ असलेल्या माणसाला स्वतःचं दार आठवेना. "करकरतं थोडंसं," तो म्हणाला.

"कोण आलंय ते कळतं?"

"नाही गं कळत."

ती विचारात पडली.

"मग तुम्ही आधी हाक मारा," ती म्हणाली. "मग किल्ली लावा."

धाकटीनं तोंड दुसरीकडे फिरवलं.

"मारीन," काका म्हणाला.

"रोज?"

"रोज."